किती वाजताचं पाणी?

आमच्या विभागात दर शनिवारी साडेअकराला सेमिनार असतो. पीएचडीवाल्यांपैकी एकानं उभं राहून वीस मिनिटं बोलायचं, मग दहा मिनिटं प्रश्न. साडेअकरा म्हणजे बाराला दहा कमी, हे सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या स्लाइडवर दोन तळव्यांत धरलेली पृथ्वी, शेवटच्या स्लाइडवर सूर्यास्त आणि ‘थँक यू’. मधे काय होतं ते मागच्या बाकांवर हजेरीपुरती बसलेली एमएस्सीची मुलं छातीठोकपणे सांगू शकणार नाहीत. प्रश्न बहुतेक पेरलेले असतात. ‘मी तुला साइट का निवडली ते विचारतो, तू मला पुढच्या शनिवारी फ्यूचर स्कोप विचार’ असा व्यवहार जिन्यातच ठरतो. मीही ठरवला होता.

माझी पाळी आली तेव्हा नोंदणी होऊन दीड वर्ष झालं होतं. त्याआधीची वाट सगळ्यांची असते तीच. पेट परीक्षा, मुलाखत, सहा महिन्यांचा कोर्सवर्क, त्यात संशोधनाच्या नीतिमत्तेचा पेपर, मग दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल. त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंच तर नातेवाइकांबद्दल सांगता येईल. ‘पर्यावरणात पीएचडी’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे कॉलेजातला तो सक्तीचा पेपर आणि वर्गमित्राच्या वहीवरून उतरवलेला प्रकल्प उभा राहतो. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिकवायलाच हवा असा आदेश दिला आणि पुढे तो पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला आला. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे महाराष्ट्रातला प्रत्येक पदवीधर स्वतःला या विषयातला निम्मा जाणकार समजतो. आमच्या आत्यानं विचारलं होतं, “म्हणजे झाडं लावायची का गं तुला?”

झाडं नाही, पाणी. माझा विषय कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू, म्हणजे आमच्या भाषेत डीओ. ज्यांनी असा बंधारा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नदीच्या पात्रात ओळीनं खांब असतात, खांबांना खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे घालतात, पाणी अडतं आणि दोन्ही काठांचा ऊस त्यावर उन्हाळा काढतो. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून घेतात. म्हणजे वर्षातले सातआठ महिने नदी ही नदी नसते, एकापुढे एक ठेवलेल्या लांबट तळ्यांची रांग असते. वरच्या धरणातून पाणी सोडलं तरच ती हलते. या तळ्यांत उसाच्या रानातून झिरपलेला युरिया येतो, गावाचं सांडपाणी येतं, जनावरं धुतली जातात आणि पाणी तिथंच ऊन खात बसतं. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांच्या बातम्या उन्हाळ्यात कितीदा तरी येऊन गेल्या आहेत. माझा बंधारा तो नव्हे. प्रबंध अजून जमा व्हायचाय, म्हणून नाव घेत नाही. कृष्णेच्या खोऱ्यातला आहे एवढं पुरे.

आता डीओ मोजायचा कसा ते जरा सविस्तर सांगते, कारण माझी सगळी फजिती त्याच बाटलीत आहे. मीटर असतात, पण आमचा मीटर त्या काळात दुरुस्तीला गेलेला होता आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं असं की, पहिलं वर्ष हातानंच करायचं. पद्धत विंकलरची. हंगेरीतल्या लायोश विंकलर या रसायनतज्ज्ञानं १८८८ साली ती काढली आणि अजून तिच्यावर विश्वास ठेवता येतो. ३०० मिलीलिटरची, तिरप्या कापाच्या काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली हळूच भरायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर तुम्ही नदीतला नाही, हवेतला प्राणवायू मोजणार. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून दोन मिलीलिटर मँगनीज सल्फेट, त्यावर दोन मिलीलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली उलटीपालटी करायची. इथं जे होतं ते मला अजूनही बघत राहावंसं वाटतं. आत ढगासारखा गाळ धरतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा. नसेल तर पांढरा. तो खाली बसला की दोन मिलीलिटर तीव्र गंधकाम्ल. गाळ विरघळतो, पाणी सोनेरी होतं. त्यातलं २०० मिलीलिटर घेऊन बुरेटमधून थायोसल्फेट सोडायचं. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्चचे थेंब, पाणी गडद निळं, आणि मग एका थेंबाला ते निळं नाहीसं होतं. थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल असेल तर हिशेब सोपा आहे: जितके मिलीलिटर लागले तितका लिटरमागे मिलिग्रॅम प्राणवायू.

हे सोपं वाटतं ते लिहिताना. पहिल्या महिन्यात माझ्या निम्म्या बाटल्यांत बुडबुडे होते. नंतर स्टार्च शिळा झाला, निळा रंग यायच्या ऐवजी जांभळट काहीतरी यायचं आणि मी त्यालाच निळं म्हणत राहिले. त्यानंतरची चूक मोठी. थायोसल्फेट ठेवून ठेवून उतरतं, म्हणून ते डायक्रोमेटशी ताडून बघायचं असतं. मी तीन आठवडे ताडलं नाही. मॅडमनी वही उघडली, तारखा बघितल्या, त्या तीन आठवड्यांवर आडवी रेघ मारली आणि वही परत दिली. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर मात्र हात बसला. विभागातून साडेअकराची गाडी धरायची, फाट्यावर उतरायचं, पप्पा स्कूटर घेऊन यायचे, बंधाऱ्यावर पोचेपर्यंत अडीच-तीन. महिन्यातून दोनदा, न चुकता. आकडे सुंदर यायला लागले. डीओ नऊच्या पुढे, एकदा तर दहाला टेकला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला किमान पाच लागतो. माझ्या बंधाऱ्यामागचं पाणी त्याच्या दुपटीला आलेलं. मला वाटलं, बातम्या काहीही येवोत, ही नदी तशी ठीक आहे. ते पाणी डोळ्यांना हिरवंगार दिसत होतं, काठाला शेवाळाची साय धरली होती, आणि तरीही मला ठीक वाटलं. आकडा हातात असला की माणूस डोळ्यांचं ऐकत नाही.

एक गोष्ट खटकत होती. बीओडीही जास्त येत होता. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू खातात त्याचा आकडा. बाटली बंद करून अंधारात ठेवायची आणि आधीच्या-नंतरच्या डीओमधला फरक काढायचा. पुस्तकात २० अंशांना ५ दिवस लिहिलेलं असतं. त्यातले पाच दिवस हे इंग्लंडचं माप. शतकापूर्वी तिथल्या सांडपाण्याच्या शाही आयोगानं ते घालून दिलं. तिकडच्या नद्यांचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, म्हणून पाच, असं सांगतात. आपल्याकडच्या भारतीय मानकात २७ अंशांना ३ दिवस आहेत. आमची कृष्णा महाबळेश्वराहून निघून बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत तेराचौदाशे किलोमीटर चालते, वाटेत धरणांत महिनेच्या महिने बसते, तिला कुठले पाच दिवस! असो. मुद्दा हा की, घाण जास्त आणि प्राणवायूही जास्त, हे एका पाण्यात कसं? मी त्या स्लाइडवर लिहिलं होतं, ‘अधिक अभ्यासाची गरज’. हे वाक्य आमच्या क्षेत्रात फार उपयोगाचं आहे.

शनिवारच्या सेमिनारआधी दोन महिने मी एका राष्ट्रीय चर्चासत्रात पोस्टरही लावून आले होते. दुसऱ्या जिल्ह्यातलं कॉलेज. नोंदणी शुल्क, खांद्याला लावायची पिशवी, त्यात पेन आणि गोषवाऱ्यांचं पुस्तक. पाहुण्यांचं स्वागत रोप देऊन, आणि व्यासपीठावर प्रत्येक पाहुण्यापुढे अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली. जलसंवर्धनावरच्या भाषणात त्यातल्या बहुतेक दोन घोट पिऊन ठेवल्या गेल्या. माझ्या पोस्टरचा निष्कर्ष होता की, बंधाऱ्यामागच्या पाण्याचं आरोग्य समाधानकारक आहे. पोस्टरला दुसरा क्रमांक मिळाला. पप्पांनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून बाहेरच्या खोलीत, देवीच्या कॅलेंडरशेजारी लावलं.

तर तो शनिवार. मी इंग्रजीतून बोलले, पाठ केलेलं. पेरलेला प्रश्न आला, पेरलेलं उत्तर दिलं. सूर्यास्ताची स्लाइड लागली. मुलं उठायला लागली. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या सरांनी हात वर केला. हे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शनिवारी येतात, चहा घेतात, बहुतेक वेळा डोळे मिटून असतात. त्यांनी मराठीतच विचारलं, “हे नमुने तू किती वाजता घेतेस?”

मी म्हटलं, “सर, दर पंधरवड्याला.”

“तारीख नाही गं विचारली. वाजता किती?”

वहीत वेळेचा रकाना नव्हता. माझ्या तक्त्यात तारीख होती, तापमान होतं, सामू, म्हणजे पीएच, होता, ढगाळ की निरभ्र तेसुद्धा होतं. वेळ नव्हती. मी म्हटलं, दुपारी, अडीच-तीनच्या सुमाराला.

“पाणी किती अंश?”

“तीस, सर.”

“तीस अंशांच्या पाण्यात हवेतून किती प्राणवायू मावतो?”

हे मला येत होतं. समुद्रसपाटीला साडेसात. आपण साडेपाचशे मीटरवर, म्हणजे आणखी थोडा कमी. मी ‘सात’ म्हटलं आणि म्हणता म्हणताच पोटात काहीतरी खाली गेलं, कारण माझ्या मागं पडद्यावर नऊ पूर्णांक काहीतरी झळकत होतं.

“मग वरचा दोन आला कुठून?” सर म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, हेच जास्त वाईट. “आणि सामू बघ तुझा, पावणेनऊ. दुपारचा. तुझी नदी निरोगी नाही, ती दुपारची आहे.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या; नंतर कळलं की त्या लिहीत नव्हत्या, नुसती रेघ ओढत होत्या. माझी इंग्रजी त्या क्षणी संपली होती आणि मराठी अजून सुरू झाली नव्हती.

झालं होतं ते असं. हिरवं पाणी म्हणजे शेवाळ. युरिया आणि सांडपाणी खाऊन ते माजतं. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडतं, इतका की हवेशी समतोल राखायला जेवढा पुरे त्याहून जास्त पाण्यात कोंबला जातो. त्याच वेळी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून सामू चढतो. सूर्य मावळला की हे दुकान बंद. पण श्वास चालूच असतो, शेवाळाचा, जिवाणूंचा, माशांचा, तळच्या गाळाचा. रात्रभर सगळे त्याच साठ्यातून घेतात. पहाटे हिशेब तळाला जातो. मी प्राणवायू मोजत नव्हते, ऊन मोजत होते. आणि माझा तो चढा बीओडी? शेवाळ बाटलीत भरून तीन दिवस अंधारात कोंडल्यावर दुसरं काय येणार होतं? गरज अधिक अभ्यासाची नव्हती, दोन आकडे शेजारी ठेवून बघण्याची होती. हे सगळं मी एमएस्सीला शिकले होते, परीक्षेत आकृतीसह लिहून गुण घेतले होते.

सोमवारी मॅडमच्या टेबलावर एक झेरॉक्स होती. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांचा १९५६ सालचा लेख, वाहत्या पाण्यातलं उत्पादन चोवीस तासांच्या प्राणवायूच्या आलेखावरून कसं काढायचं त्यावर. म्हणजे मी जी चूक केली ती करू नये म्हणून लिहिलेला कागद माझ्या जन्माच्या किती आधीपासून उपलब्ध होता. मॅडम म्हणाल्या, “चोवीस तास बसावं लागेल. दर तीन तासांनी. घरी विचार.”

घरी विचारणं हा वेगळाच अध्याय होता. आईचा एका शब्दाचा नकार. रात्री, नदीवर, उसाच्या कडेला, बाईमाणूस. मी लॅबमधल्या मुलाला सोबत नेते म्हटलं, तर तो नकार दुप्पट झाला. शेवटी पप्पा म्हणाले, “मी येतो की. रातराणीला काय झोपत होतो काय मी?” पप्पा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झालीत. आई म्हणाली, मग दोघंही जा आणि दोघंही मरा. म्हणजे परवानगी मिळाली.

एप्रिलमधला एक दिवस ठरला. सामानाची यादी: बीओडीच्या चोवीस बाटल्या दुधाच्या दोन क्रेटांत, मधे गोणपाट. बुरेट स्टँड, बुरेट दोन, कारण एक फुटणारच. ताजा स्टार्च, त्याच सकाळी ताडलेलं थायोसल्फेट. गंधकाम्लाची बाटली वाळूच्या डब्यात उभी. थर्मामीटर, बॅटऱ्या, ओडोमॉस, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. एवढ्यासाठी मामांचा छोटा हत्ती घेतला.

बंधाऱ्यावर उपशाच्या मोटारी बघणारे एक म्हातारबा आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. दीड वर्ष मी त्यांना दर पंधरवड्याला बघत होते. ‘आलीस व्हय?’, ‘आलो, तात्या’ याच्यापुढे बोलणं गेलं नव्हतं. त्यांनी मोटारीची खोली आम्हाला दिली. आत एक बल्ब, स्टार्टरची पेटी, एक बाज. बाजेवर क्रेट, स्टुलावर बुरेट. कशाला रात्रभर बसणार ते सांगितल्यावर तात्या म्हणाले, “पाण्यातली हवा बघायची? मग दुपारी कशाला यायचीस गं? पहाटं यायचं. मासं वर येऊन तोंड वासत्यात. ते दिसतंय की.”

“तात्या, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू कवा इचारलंस?”

खरंच होतं. माझ्या प्रबंधाच्या आराखड्यात ‘स्थानिकांशी चर्चा’ अशी एक ओळ होती. ती मी दुसऱ्या कुणाच्या तरी आराखड्यातून उचलली होती.

पहिला नमुना संध्याकाळी सहाचा. पप्पांनी वही ताब्यात घेतली. मी ‘सहा’ म्हटलं, त्यांनी घड्याळ बघितलं आणि लिहिलं ६.०४. मी म्हटलं, चार मिनिटांनी काय होतंय. ते म्हणाले, “वेबिलात सहा लिहून सहा-चारला गाडी सोडली असती तर तपासनिसानं सोडलं असतं का मला?” पुढचे चोवीस तास त्या वहीत एकही गोल आकडा पडला नाही. वेळ, नमुना क्रमांक, पाण्याचं तापमान, शेरा. शेऱ्यात त्यांनी स्वतःच्या मनानं भर घातली: ‘पश्चिमेकडून वारा’, ‘म्हशी तीन, पाण्यात’, ‘तात्यांनी चहा दिला’.

रात्री नऊला गाळ अजून तपकिरी होता, दुपारच्यासारखाच. मला वाटलं, सर चुकले. अंधाराची मला भीती वाटत होती ती बाराला संपली, कारण बाराला शेतीची लाईट आली. एका क्षणात काठावरच्या मोटारी सुरू झाल्या आणि उसातून बॅटऱ्या चालत यायला लागल्या. आई ज्या ओसाड नदीला भीत होती तिथं मध्यरात्री पंधरावीस माणसं होती. पाणी पाजायला आलेली, कुणी मोबाईलवर भजन लावलेलं, कुणी आमच्या खोलीत डोकावून विचारतंय, “दारू तपासताय काय?” बाराच्या बाटलीत गाळाचा रंग उतरलेला दिसला. बल्बखाली सहाची आणि बाराची बाटली शेजारी धरली, फरक पप्पांनाही दिसला. तीनला आणखी उतरला. तीन ते पाच मी बाजेवर बसून डुलक्या काढल्या. पप्पा बाहेर तात्यांशी एसटीच्या संपावर बोलत होते.

पाच पस्तीसचा नमुना. ठरलेला सहाचा होता, पण तात्यांनी हाक मारली. ‘या, या, बघा.’ बॅटरी न लावता गेलो. पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. पाणी सपाट, आणि त्या सपाटीवर सगळीकडे बारीक बारीक गोल उमटत होते, पाऊस सुरू व्हावा तसे. पाऊस नव्हता. मासे होते. तोंडं पाण्याच्या वर काढून, उघडमीट करत. काठापासून हातभरावर होते, आमची चाहूल लागूनही खाली जात नव्हते. पप्पा बराच वेळ बघत राहिले.

मी बाटली भरली. हात थरथरत होता, थंडीनं म्हणा. मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड. बूच. उलटीपालटी. खोलीत आणून बल्बखाली धरली. गाळ पांढरट होता. अगदी पांढरा नाही. ताकात चिमूटभर हळद पडावी इतपत रंग. एवढ्या दिवसांत असा गाळ मी पुस्तकातल्या वर्णनाबाहेर पाहिलेला नव्हता. जोडीची दुसरी बाटली केली, तीही तशीच. बुरेट दोनच्या खालीच थांबला. त्याच जागी, त्याच बाईनं, पंधरा दिवसांपूर्वी दुपारी नऊ पूर्णांक चार मोजले होते.

पप्पांनी शेऱ्यात लिहिलं: ‘मासे वर. गाळ पांढरा.’ मग विचारलं, “म्हणजे ते सर्टिफिकेट चुकीचं का?”

मी म्हटलं, आकडे चुकीचे नाहीत, निष्कर्ष चुकीचा.

“मग फ्रेम काढू का?”

मी काही बोलले नाही. फ्रेम अजून आहे. गोषवाऱ्यांच्या पुस्तकात तो निष्कर्ष छापलेला आहे, त्याला आयएसबीएन क्रमांकही आहे, आणि उद्या कुणी त्याचा हवाला दिला तर मला काही करता येणार नाही. मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, प्रबंधात स्वतःच्याच पोस्टरचं खंडन कर, सरळ नाव घेऊन. तसा एक परिच्छेद लिहिलाय. चार वेळा लिहिला. प्रत्येक वेळी मी स्वतःला जरा सावरून घेते आणि मॅडम तेवढंच खोडतात.

त्यानंतर अशा चोवीस तासांच्या चार बैठका झाल्या. एक बरगे काढल्यावर, पाणी वाहतं असताना. तेव्हा दिवसरात्रीतला फरक बराच कमी भरला. एकदा पावसानं सामान भिजलं आणि एकदा बुरेट फुटला. तेवढ्यात दुसऱ्या सेमिनारची पाळी आली. या वेळी पृथ्वी आणि सूर्यास्त दोन्ही काढून टाकले. पहिल्या स्लाइडवर पप्पांच्या वहीचं पान टाकलं, म्हशींसकट. बोलले मराठीतच, इंग्रजी शब्द जिथं येतात तिथं येऊ दिले. प्रश्न पेरले नाहीत. एमएस्सीच्या एका मुलीनं विचारलं, मासे पहाटे मरतात तर लोकांना दुपारी कळतं, मग दुपारी नमुना घेणाऱ्याला काय सापडणार? तिचं नाव मी लिहून घेतलं. पुढच्या बैठकीला ती येणार आहे.

सर पहिल्या बाकावर होते. डोळे मिटलेले. संपल्यावर उघडले.

“वेळ आली, छान. आता हे पाणी कुठलं?”

“बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचं, सर. काठापासून चार मीटरवर.”

“वरून किती खाली?”

मी बाटली हातभर बुडवून भरत होते. हात जेवढा लांब तेवढी खोली. तसंच सांगितलं.

“आणि खोल किती आहे तिथं?”

पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो. तात्यांनी बांबू घातला तर चार मीटर पाणी आणि त्याखाली बांबू आणखी हातभर न अडता गेला. पप्पांनी नायलॉनच्या दोरीला दर अर्ध्या मीटरला लाल सुतळी बांधून आणली होती. लॅबमधला खोल पाण्याचा नमुना काढायचा डबा त्या दोरीला लावला आणि तळाशी सोडला. वर आला तेव्हा पाणी काळसर होतं. झाकण उघडलं आणि सडक्या अंड्याचा असा भपकारा आला की, तात्या दोन पावलं मागं सरले.

गाळ कोणत्या रंगाचा आला ते सांगायला नको. दुपारचे तीन वाजून सात मिनिटं झाली होती. वर पाणी हिरवंगार, उन्हात चमकत होतं. पप्पांनी वेळ लिहिली, खोली लिहिली, शेऱ्यात ‘वास’ एवढंच लिहिलं, आणि म्हणाले, “हे सांडलं तर गाडीची डिकी गेली. घट्ट बूच लाव.”